कर्ता आणि करविता

माझ्या भाच्याची पाचवी पुजली तेव्हा आजी ऐंशीच्या पुढे होती. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या मधल्या खोलीत तिने पाटा मांडला, वरवंटा उभा केला, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी एक कोरा कागद नि बॉलपेन ठेवायला लावलं. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. तिची गैरसोय होऊ नये म्हणून ही तयारी. दिवा मंद करून आम्ही उठणार तेवढ्यात आजी म्हणाली, "पेन चालतंय का बघितलंस?" मी वर्तमानपत्राच्या कडेला रेघोटी मारली. उमटली नाही. मग दप्तरं उपसून दुसरं पेन शोधलं, ते आजीने स्वतः चालवून बघितलं आणि मगच ती आडवी झाली. सकाळी कागद कोराच होता, जसा तो नेहमी असतो. आजीने त्याची घडी करून फडताळात ठेवली आणि विचारलं, "काविळीचा रिपोर्ट किती वाजता मिळणार आहे?"

बाळाची कावीळ दोन दिवसांत उतरली. माझ्या डोक्यातून ते पेन मात्र गेलं नाही. ज्या बाईला ठाम वाटत होतं की आज रात्री सगळं लिहिलं जाणार, तिनेच पेन बंद निघालं तर काय, याचीही काळजी घेतली होती. आणि सकाळी सगळं लिहून झालेलं असताना ती रिपोर्टची वेळ विचारत होती. तेव्हा मला ही विसंगती वाटली, आणि मी तसं तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "लिहिणारी लिहील गं, आपण आपलं बघायला नको?" हे पुस्तक त्या वाक्याचा अर्थ शोधत शोधत लिहिलं गेलं आहे.

प्रश्न जुना आहे. माणसाला जे हवंसं वाटतं, तो जे ठरवतो, जे करतो, ते त्याचं स्वतःचं असतं की कोणी वरून ते घडवून आणतो? मराठीने या प्रश्नाला एकाच शब्दात जागा करून दिली आहे. आपल्याकडे 'करणे' आहे तसं 'करविणे'ही आहे. देवाला आपण 'कर्ता करविता' म्हणतो, एका दमात, मध्ये स्वल्पविरामही न घेता. पण कर्ता तोच आणि करविताही तोच असेल, तर करवून घेतो तो कोणाकडून? व्याकरणात हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि मला वाटतं, तो मुद्दामच शिल्लक ठेवलेला आहे.

मराठी माणूस दैववादी, असं म्हणायची पद्धत आहे. आपल्या म्हणी मात्र तसं सांगत नाहीत. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण श्रद्धेने उच्चारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे; ती आळशाला टोमणा मारायलाच वापरतात. 'दैव देतं आणि कर्म नेतं' यात तर दैव उदार आहे आणि दोष सगळा आपल्या हातांचा. दुसऱ्या बाजूला 'सटवीचा लेख चुकत नाही' हेही आपणच म्हणतो. ते कधी म्हणतो, कोणाबद्दल म्हणतो, याकडे लक्ष द्यायला मी या निमित्ताने शिकले. पुढे जे काही लिहिलं आहे त्याचं सार या दोन प्रश्नांत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

हे सगळं नाशिकवरच का बेतलं, असं काहींनी विचारलं. एक कारण सरळ आहे, मी इथली आहे. दुसरं असं की शहराच्या मध्यावर उभं राहून तीसेक किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर या प्रश्नाची बहुतेक सगळी मोठी उत्तरं त्यात सापडतात. त्र्यंबकेश्वरला ग्रहांची शांत आहे. म्हसरूळच्या गजपंथावर जैनांचं कर्म आहे, ज्याला ईश्वर लागत नाही. पांडवलेण्यात बौद्धांचे विहार आहेत. जुन्या नाशकात बडी दर्गा आहे, शरणपूरला मिशनऱ्यांनी वसवलेली वसाहत आहे, शिंगाडा तलावापाशी गुरुद्वारा आहे. लग्नाच्या बोहल्यावरून 'सावधान' हा शब्द ऐकून पळालेला जांबेचा मुलगा जिथे बारा वर्षं राहिला असं परंपरा सांगते, ती टाकळीही इथेच. 'सावधान' प्रत्येक लग्नात म्हणतात. तो शब्द खरोखर ऐकणारा एक निघाला आणि समर्थ झाला. हे प्रारब्ध म्हणायचं की निर्णय? रामदासांनी स्वतः पुढे आयुष्यभर यत्नाची बाजू घेतली, एवढं मात्र नक्की.

त्र्यंबकेश्वरपासून सुरुवात केली ती सोयीसाठी. तिथे नारायण नागबळी तीन दिवस चालतो, कालसर्प शांत त्या मानाने लवकर आटोपते. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात: लग्न जमत नाही, मूल होत नाही, धंदा बसला. वराहमिहिराच्या बृहज्जातकात 'कालसर्प' हे नावही नाही, हे तिथल्या एका जाणत्या गुरुजींनी मला सांगितलं, तेही पूजेचं साहित्य मांडता मांडता, काहीही न लपवता. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या, त्यातली कोणती कोणाची ते ज्योतिषांनी ओळखायचं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी शेकडा सेहेचाळीस बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. ज्योतिष खरं की खोटं हा माझा विषय नाही, तो नारळीकरांनी निकालात काढलाच आहे. मला कुतूहल 'शांत' या शब्दाचं आहे. ग्रहांनी जे ठरवलं ते अटळ असेल तर शांत कशाला? आणि शांतीने ते टळत असेल तर अटळ काय होतं? त्र्यंबकला येणारा यजमान दैववादी नसतोच. दैवाविरुद्ध अपील दाखल करायला तो एवढा प्रवास करून, सुट्टी टाकून, दक्षिणा मोजून आलेला असतो.

नियती खरोखर अटळ मानणारे लोक या देशात होऊन गेले. त्यांचं नाव आजीवक. बुद्ध आणि महावीर यांच्या काळात मक्खली गोसाल हा त्यांचा पुढारी. त्याचं म्हणणं असं की सुताचा गुंडा फेकला की तो जसा संपेपर्यंत उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव ठरलेला फेरा पुरा करतो; पुण्य करून तो लवकर सुटत नाही आणि पाप करून रखडत नाही. सगळ्या धर्मांत इतकं सुसंगत उत्तर दुसरं कोणी दिलं नसेल. आणि हा पंथ आज कुठेही उरलेला नाही.

त्याच्याविषयीची एक गोष्ट जैनांच्या उपासकदशांग या ग्रंथात आहे. गजपंथाच्या पायऱ्या चढून वर दम खात बसले असताना शेजारच्या एका वृद्ध श्रावकांनी ती मला ऐकवली, आणि खाली येऊन मी ती ग्रंथात शोधून काढली. सद्दालपुत्त नावाचा एक सधन कुंभार होता, आजीवकांचा पक्का अनुयायी. महावीर त्याच्या कारखान्यात गेले. मडकी उन्हात मांडलेली होती. महावीरांनी विचारलं, ही यत्नाने झाली की यत्नावाचून? आपल्या मताला जागून कुंभार म्हणाला, यत्नावाचून. जे व्हायचं ते ठरलेलंच असतं. मग महावीरांनी दुसरा प्रश्न विचारला. कोणी तुझी ही मडकी चोरली, फोडली, किंवा तुझ्या बायकोशी गैरवर्तन केलं, तर तू काय करशील? कुंभार म्हणाला, बडवीन त्याला, प्रसंगी जीवच घेईन. महावीर म्हणाले, का? तुझ्या मते त्याने काही केलेलंच नाही. ते ठरलेलं होतं.

या विषयावरचे दहा जाडजूड ग्रंथ मी वाचले असतील. त्या कुंभाराच्या मडक्यांपुढे कोणताच टिकला नाही. मडकी चांगली झाली तर नियती. मडकी फुटली तर मात्र कोणीतरी फोडली.

हा कुंभार मला निफाड तालुक्यात भेटला. म्हणजे तो द्राक्षवाला होता. चार एकर थॉमसन. ऑक्टोबर छाटणी झाल्यापासून माल निघेपर्यंत हा माणूस झोपतो कधी, हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. डाऊनीची भीती, भुरीची भीती, थंडी फार पडली तर मणी तडकण्याची भीती. रात्री दोनला उठून मोबाइलवर ढग बघायचे आणि पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर जोडायचा. एके वर्षी काढणीला आठ दिवस असताना गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो बांधावर बसलेला होता. वेलीखाली पाचोळा, फुटलेले मणी आणि वितळत आलेल्या गारा यांचा चिखल झालेला. म्हणाला, "वरच्याच्या मनात नव्हतं, ताई." त्या शब्दाने त्याला उभं केलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. आठवड्यात तो पुन्हा बागेत होता. दोन वर्षांनी माल उत्तम आला आणि एक व्यापारी पैसे न देता पसार झाला. तेव्हा तो वरच्याचं नाव न घेता थेट पोलीस स्टेशनला गेला. गारांचा गुन्हा नोंदवता येत नाही, माणसाचा येतो, हा फरक त्याला कोणी तत्त्वज्ञाने शिकवलेला नव्हता.

गीता या प्रश्नावर काय म्हणते, असं मला सर्वांत जास्त वेळा विचारलं गेलं. ती दोन्ही म्हणते, आणि तेही अगदी शेजारी शेजारी. अठराव्या अध्यायाच्या एकसष्टाव्या श्लोकात ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो असं आहे. मध्ये एक श्लोक जातो आणि त्रेसष्टाव्यात तोच श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की या सगळ्याचा पुरता विचार कर आणि तुला हवं ते कर. यंत्रावर चढवलेल्याला असं कोण सांगतं? त्याच अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत, आणि दैव त्यात आहे, पण पाचवं. आधीच्या चारांत कर्ताही आहे, त्याची साधनंही आहेत आणि त्याची धडपडही आहे.

लोकमान्यांनी हा पेच जगून बघितला. 22 जुलै 1908 च्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं. काही सांगायचं आहे का असं विचारल्यावर ते जे बोलले त्याचा आशय असा: मी निर्दोष आहे, या न्यायासनाहून श्रेष्ठ शक्ती माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य चालवतात, आणि माझ्या मोकळं राहण्यापेक्षा माझ्या हालांनीच या कार्याला बळ यावं, अशी त्यांची इच्छा असेल. ते शब्द आज त्या दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. दैवाधीनतेचा याहून थोर उद्गार आधुनिक महाराष्ट्रात नाही. त्यानंतर हाच माणूस मंडालेच्या तुरुंगात बसून 1910-11 च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहितो आणि त्यातलं दहावं प्रकरण 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' या नावाने माणसाच्या स्वातंत्र्याची बाजू लढवतं. जे भोगायला सुरुवात झाली तेवढंच प्रारब्ध, बाकीचं अजून सुरूच झालेलं नाही, आणि ज्ञानाने ते जाळता येतं, अशी त्याची दिशा आहे. पुष्कळांना यात अंतर्विरोध दिसतो. मला दिसत नाही. कोर्टात टिळक श्रेष्ठ शक्तीचं नाव घेत होते ते स्वतःला झालेल्या शिक्षेबद्दल. शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या, देशाच्या हालांबद्दल त्यांनी तसं म्हटलं असतं, तर ते कोर्टात उभेच राहिले नसते.

इस्लाममध्ये तकदीर हा श्रद्धेचा भाग आहे. सुन्नी मुसलमान श्रद्धेची जी सहा कलमं मानतात, त्यात ती शेवटची. शब-ए-बारातच्या रात्री जुन्या नाशकातल्या कब्रस्तानात उदबत्त्या लावून पुढच्या वर्षाचा हिशेब चांगला लिहिला जावा म्हणून दुआ मागणारी माणसं पाहिली, की मला आजीचं बॉलपेन आठवतं. पण या धर्माच्या पहिल्या दोन-तीन शतकांत यावर जे वाद झाले ते आपल्याकडच्या कोणत्याही वादापेक्षा कमी तिखट नव्हते. जबरिया म्हणत, माणूस वाऱ्यावरचं पान आहे. कदरिया म्हणत, मग अल्लाह शिक्षा कोणाला आणि का देतो? दहाव्या शतकात अशअरी यांनी मधला रस्ता काढला: कृती निर्माण अल्लाह करतो, माणूस ती कमावतो. या कमावण्याला 'कस्ब' म्हणतात. हे मला पुस्तकातून नीट उमगलं नव्हतं. मालेगावच्या एका उर्दू शाळेतल्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं तेव्हा उमगलं. यंत्रमागांच्या खडखडाटात, चहाच्या टपरीवर, ते मला म्हणाले, "पोरगं नापास झालं तर तकदीर हा शब्द कोण उच्चारतो ते बघायचं. पोरगा म्हणाला तर त्याचं रडणं थांबतं. मी म्हणालो तर माझी नोकरी जायला पाहिजे."

माझं अर्धं पुस्तक या तीन वाक्यांत आलं, आणि मास्तरांनी चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत.

शिखांचा हुकूम आणि पारशांची निवड यांवर मी थोडंच लिहू शकले. गुरुद्वारात हुकमाला राजी राहण्याची शिकवण आहे आणि तिथल्याच लंगरात पहाटेपासून घाम गाळणारे हात आहेत. देवळालीच्या हवेसाठी येणाऱ्या पारशांचा धर्म तर उलट टोकाचा: चांगलं आणि वाईट यांतलं निवडणं हेच त्याच्या गाथांचं मुख्य सांगणं. हे भाग या पुस्तकात लहान आहेत. दोष विषयाचा नाही, माझा आहे.

शरणपूरवर मात्र मी रेंगाळले आहे. शरणपूर रोडवरून रोज हजारो नाशिककर जातात. त्या नावात 'शरण' आहे हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे ख्रिस्ती वसाहत उभी केली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून नेणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडत असे, आणि सुटलेली मुलं मुंबईत उतरवत असे. त्यातली काही शरणपूरच्या आश्रमात आली. सुतारकाम, लोहारकाम, बायबल शिकली. बाहेरच्या जगात त्यांना 'नासिक बॉइज' म्हणत. या मुलांना आयुष्यात एकदाही कोणी विचारलं नव्हतं की तुम्हाला काय हवं. पकडणाऱ्याने विचारलं नाही, सोडवणाऱ्यानेही नाही. नाव नवं, धर्म नवा, गाव नवं. माणसाची इच्छा दुसऱ्याच्या ताब्यात असणं म्हणजे काय, यासाठी याहून उघडं उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यांतला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला जी तुकडी आफ्रिकेत पाठवली, तिच्यात तो गेला. 1873 च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन चितांबो नावाच्या खेड्यात वारला. आसपास एकही गोरा नाही, हुकूम देणारं कोणी नाही. मालक मेलेला. बरोबरच्या माणसांनी सामान वाटून घेऊन घरची वाट धरली असती तर जगात कोणी त्यांना जाब विचारला नसता. त्यांनी बसून विचार केला आणि ठरवलं की प्रेत समुद्रापर्यंत न्यायचं. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. देह उन्हात सुकवून, कापडात गुंडाळून ते सुमारे नऊ महिने चालले. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा पेटीला हात लावणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब होता. मिशनच्या लोकांना यात परमेश्वराची योजना दिसली. दिसू दे. मला त्या झाडाखाली बसलेली माणसं दिसतात. त्यांना पहिल्यांदाच कोणी काही सांगत नव्हतं.

नाशिकचं दुसरं ख्रिस्ती उदाहरण घरोघर माहीत आहे, पण वेगळ्या कारणासाठी. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने बायबलची प्रत दिली आणि तुम्ही ख्रिस्ती होणार असं भाकीत केलं. 1895 मध्ये ते झाले. त्यांनी त्यात ईश्वराचा हात पाहिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्याने घेतलेल्या निर्णयाचे वण त्यांच्या अंगावर उमटले. त्या वेगळ्या राहिल्या, परत आल्या, आणि स्वतःचं मन स्वतः तपासून, पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो आणि पुढे जातो. एकदा या प्रश्नासाठी वाचून बघावं. नवऱ्याला हाक आली. बायकोला कोणी हाक मारली नाही, तिला चालतच जावं लागलं.

आता काळाराम. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेच्या बळावर अस्पृश्यांचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे लावून घेतले गेले. सत्याग्रही चारही दरवाजांवर बसले. 9 एप्रिलला रामाच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. हा लढा पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. त्या दाराला एक अडसर लाकडाचा होता, दुसरा शब्दांचा: जो ज्या जातीत जन्मला तो पूर्वजन्मीच्या कर्माने. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनीही तेव्हा हेच म्हटलं असणार. मी त्यांना वेगळं काढत नाही.

इथे तोच शब्द आहे जो बांधावर बसलेल्या द्राक्षवाल्याने उच्चारला होता. फरक एवढाच की इथे तो गारा झेललेल्या माणसाने स्वतःबद्दल म्हटलेला नाही. आत बसलेल्याने बाहेर बसलेल्याबद्दल म्हटला आहे. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणणारा माणूस धीर गोळा करत असतो. दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध म्हणणारा दार लावत असतो. देव तोच, सिद्धान्त तोच, ग्रंथही तेच. सगळ्या धर्मांत मला हे एकच मोजमाप लागू पडलेलं दिसलं, आणि एकाही धर्माला त्यातून पूर्ण सुटलेलं पाहिलं नाही.

बाबासाहेबांनी याचा निकाल नाशिक जिल्ह्यातच लावला. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की अस्पृश्य हिंदू म्हणून जन्माला येणं माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही हे माझ्या हातात आहे. त्या भाषणाचा राजकीय अर्थ सगळे सांगतात. मला त्यात इच्छास्वातंत्र्याची रेघ दिसते, इतकी सरळ मारलेली की ऑगस्टीन आणि शंकराचार्य दोघांनाही हेवा वाटावा. जे हातात नव्हतं ते एका बाजूला, जे हातात आहे ते दुसऱ्या. पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिताना त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बाजूला काढला, कारण गरिबाच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून झटकण्याची ती सोय आहे, असं त्यांना वाटत होतं. पांडवलेण्यातल्या भिक्षूंनी हे मान्य केलं असतं का, मी सांगू शकत नाही. तिथल्या शिलालेखात उषवदात या दात्याने तर पुण्यासाठी ठेवलेली रक्कमही विणकरांच्या श्रेणीकडे शेकडा दरमहा एक व्याजाने गुंतवलेली आहे. पुण्य करतानासुद्धा व्याजाचा दर ठरवून घेणारी माणसं सगळं दैवावर सोडत नसतात.

एक प्रकरण लिहावं की नाही यावर मी फार दिवस अडले होते. 27 ऑगस्ट 2003. सिंहस्थातलं शाही स्नान, रामकुंडाकडे उतरणारी अरुंद वाट, चेंगराचेंगरी, 39 मृत्यू. सिंहस्थाची वेळ ग्रह ठरवतात, गुरू सिंहेत आला की तो भरतो. रस्त्याची रुंदी आणि बॅरिकेड मात्र माणसं ठरवतात. त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर एकजण म्हणाला, पर्वणीला गंगेवर मरण, भाग्यवान माणसं. आजी आत भाकऱ्या थापत होती. ती बाहेर आली, पिठाच्या हातांनी, आणि म्हणाली, "त्यांच्या घरच्यांनी म्हणू दे. तुम्ही नका म्हणू." मग आत गेली. मी ते प्रकरण लिहिलं.

या पुस्तकात उत्तर शोधणाऱ्यांची निराशा होईल. वर कोणी आहे की नाही, हे मी ठरवू शकले नाही, आणि दहा वर्षं माणसांशी बोलल्यावर ते ठरवण्याची घाईही राहिली नाही. ज्या गुरुजींशी, मास्तरांशी, श्रावकांशी, फादरांशी आणि शेतकऱ्यांशी बोलले, त्यांची नावं त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत. शास्त्रार्थात कुठे चूक झाली असेल तर ती माझी, ती सटवाईच्या माथी मारू नये. आणि ज्यांना सगळं पुस्तक वाचायला सवड नाही, त्यांनी कुंभाराचं आणि काळारामाचं ही दोन प्रकरणं तरी वाचावीत, शक्य तर एकाच बैठकीत, ही विनंती.